गाडीच्या पुढच्या सीटचा लंबर सपोर्ट बदलताना: आधी काय, नंतर काय

सीट उघडली, लंबर सपोर्ट (सीटच्या पाठीतला कंबरेचा आधार) बदलला, सगळं जागच्या जागी बसवलं आणि चावी फिरवली, तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटला तो विझेचना. मला येणाऱ्या विचारणांत ही तक्रार पहिल्या नंबरवर आहे. दुसरी याहून हिरमोड करणारी: नवा भाग बसवूनही कंबरेला काही टेकतच नाही. मेहनत दोघांनीही भरपूर केलेली असते. पण पहिल्याने कपलर, म्हणजे सीटखालच्या वायरींचे जोड, सुटे असताना चावी फिरवलेली असते आणि दुसऱ्याने मूळ बिघाड कुठे आहे ते बघितलेलंच नसतं.

इथे मी ड्रायव्हरच्या सीटच्या बाजूला नॉब किंवा दांडी असलेला, केबलवर चालणारा प्रकार धरून लिहितोय. मोटरचा आणि हवेच्या पिशवीचा प्रकार जिथे वेगळा पडतो तिथे तसं सांगेन. पहिल्यांदाच करत असाल तर अख्खी सकाळ मोकळी ठेवा. भाग बदलायला वीस मिनिटं पुरतात, बाकीचा वेळ उघडण्यात आणि बंद करण्यात जातो.

आत काय असतं ते आधी डोळ्यासमोर आणा. सीटच्या पाठीत पोलादी चौकट असते. तिच्या दोन बाजूंच्या मध्ये तारांची जाळी किंवा प्लॅस्टिकची लवचिक पट्टी हुकांनी टांगलेली असते. नॉब फिरवला की सायकलच्या ब्रेकसारखी केबल ओढली जाते, पट्टी धनुष्यासारखी पुढे वाकते आणि फोमला मागून ढकलते. मोटरच्या प्रकारात नॉबच्या जागी छोटी मोटर केबल ओढते. हवेच्या प्रकारात केबलच नसते. रबरी पिशवी, पंप आणि हवा सोडणारा व्हॉल्व्ह, एवढाच कारभार.

१. खरंच लंबर सपोर्टच गेलाय का?

घाई इथेच होते. सीटवर कुणाला तरी बसवा. तुम्ही मागच्या सीटवर बसून त्याच्या पाठीमागे, मासिकं ठेवायच्या खिशाच्या खालच्या भागात तळहात टेकवा आणि त्याला नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. हाताला आत हालचाल जाणवते का आणि बसलेल्याला पाठीत फरक कळतो का, या दोन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं.

नॉब हलकाच गरागरा फिरतोय आणि आत काहीच हलत नाही, तर केबलचं टोक निसटलंय, केबल तुटलीय किंवा नॉबमागचा प्लॅस्टिकचा चक्र-भाग फुटलाय. नॉब दगडासारखा घट्ट असेल तर केबल अडकलीय. त्याला जोर लावू नका, नॉबचा दांडाच पिळून तुटतो. आधार पुढे येतो पण मागे जात नाही, तेव्हा बहुधा हुक निसटलेला असतो किंवा स्प्रिंग मेलेली असते. आणि नॉब फिरवताना ‘टक्’ असा आवाज येऊन तो थोडा मागे उडत असेल तर दाते झिजलेत असं समजा.

मोटरचा प्रकार असेल तर कान लावा. मोटर वाजते पण आधार हलत नाही, म्हणजे केबल गेली. आवाजच नाही, तर आधी फ्यूज, मग स्विच, मग सीटखालचा कपलर. यातलं काही सैल निघालं तर सीट उघडायची वेळच येत नाही. हवेच्या प्रकारात पिशवी भरते पण तासाभरात खाली बसते, म्हणजे गळती. ती पिशवीपेक्षा नळीच्या जोडावरच जास्त वेळा सापडते.

आता सगळ्यात दुर्लक्षित कारण. हाताला मागून हालचाल व्यवस्थित जाणवते, पण बसणाऱ्याला काहीच कळत नाही. अशा वेळी लंबर सपोर्ट ठणठणीत असतो आणि फोम बसलेला असतो. नाहीतर वरून जाड सीट कव्हर चढवलेलं असतं. नॉब पूर्ण फिरवला तरी हा आधार जेमतेम दोन ते चार सेंटिमीटर पुढे येतो. आपल्याकडे नवी गाडी शोरूममधून निघते आणि दुसऱ्या दिवशी स्पंज भरलेलं रेक्झिन चढतं. त्या स्पंजातच हे सेंटिमीटर विरून जातात. म्हणून वरचं कव्हर काढून दोन दिवस गाडी चालवून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि एवढ्यानेच अनेकांचा प्रश्न सुटतो.

तपासा: शेजारच्या सीटच्या पाठीत आणि तुमच्या सीटच्या पाठीत कंबरेच्या उंचीवर मूठ दाबा. तुमची बाजू सहज आत जाऊन चौकटीच्या तारा लागत असतील, तर फोमचं काम आधी.

२. भाग मागवण्याआधी मोजमाप

कंपनीच्या स्पेअर काउंटरवर चासी नंबर देऊन विचारा. बऱ्याच गाड्यांत लंबर सपोर्ट सुटा मिळत नाही, पाठीची अख्खी चौकट घ्यायला सांगतात. तिची किंमत ऐकूनच लोक दुसऱ्या वाटेला लागतात.

त्यातली एक वाट भंगारातल्या सीटची. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा तुमच्या शहरात गाड्या मोडणाऱ्यांकडे त्याच मॉडेलची सीट मिळू शकते. तिच्यातून फक्त लंबरची यंत्रणा काढून घ्या. सीटमधली एअरबॅग मात्र भंगारातून कधीही आणू नका, आणि अपघातात एअरबॅग उघडलेल्या गाडीची सीटही नको, तिची चौकट वाकलेली असू शकते. दुसरी वाट सार्वत्रिक किटची: तारांची जाळी, केबल आणि नॉब. सीटचं कुशनकाम करणारे कारागीर हेच वापरतात.

कुठूनही आणा, आधी चार मापं कागदावर लिहा: चौकटीच्या दोन बाजूंमधलं आतलं अंतर, वरच्या आणि खालच्या हुकांमधलं अंतर, नॉबपासून जाळीपर्यंत केबलची लांबी, आणि नॉबच्या दांड्याचा आकार, म्हणजे षट्कोनी, दातेरी की एका बाजूने चपटा. ही मापं सीट उघडल्याशिवाय नीट मिळत नाहीत. म्हणून माझा सल्ला असा की पाठीमागचं झाकण आधी एकदा उघडून मापं आणि फोटो घ्यावेत, बंद करावं आणि मग भाग मागवावा. दोनदा उघडणं परवडतं. चौकट उघडी टाकून आठवडाभर कुरिअरची वाट बघणं परवडत नाही.

इशारा: ऑनलाइन मिळणारे बरेच सुटे भाग डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांसाठी बनलेले असतात. त्यांच्या ड्रायव्हर सीटचा नॉब आपल्या गाडीत भलत्या बाजूला येतो. फोटोत नॉब कुठे आहे ते बघूनच पैसे भरा. आखाती देशांत किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनी हेच उलटं वाचावं.

३. हाताशी काय हवं

सीटचे बोल्ट बहुतेक गाड्यांत चौदाच्या पान्याचे असतात, बऱ्याच युरोपी गाड्यांत टी-५० मापाचा स्टार बिट लागतो. रॅचेट, लांब एक्सटेंशन आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळता येतो असा पाना) घ्या. टॉर्क रेंच विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मिळतो, पण अंदाजाने मात्र भागत नाही. बॅटरीसाठी दहाचा पाना. क्लिपा उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की प्लॅस्टिकवर कायमचा पांढरा ओरखडा उठतो.

कव्हर ज्या छोट्या धातूच्या कड्यांनी फोमला आणि चौकटीला बांधलेलं असतं त्यांना सीटवाले रिंगा म्हणतात. त्या कापायला साइड कटर लागतो. पुन्हा लावायला नव्या रिंगा आणि त्यांची खास पक्कड घ्या. पक्कड नसेल तर चांगल्या प्रतीचे अरुंद केबल टाय चालतात, गाठ फोमकडे वळवून. बांधकामाची तार अजिबात नको. माझ्याच एका जुन्या गाडीत एका गॅरेजवाल्याने रिंगांऐवजी ती तार पिळून लावली होती. सहा महिन्यांनी तिचं टोक रेक्झिनमधून बाहेर आलं, आणि ते सापडलं तेव्हा नवी पँट फाटलेली होती.

याशिवाय जुनी गोधडी, मास्किंग टेप, मार्कर, थोडं पांढरं ग्रीस, चिकट फेल्ट टेप आणि क्लिपा ठेवायला दोन वाट्या. मोबाइल चार्ज केलेला असू द्या. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढायचा आहे.

४. सीट बाहेर काढावीच लागते का?

दर वेळी नाही. पाठीमागे प्लॅस्टिकचं पूर्ण झाकण असेल, तर सीट पुढे सरकवून, मागच्या सीटवर बसून ते उघडता येतं आणि लंबरची जाळी समोर दिसते. जाळीचे चारही हुक आणि केबलचं टोक तिथून हाताला लागत असेल तर सीट गाडीतच राहू द्या आणि सहावा टप्पा संपवून थेट आठव्यावर या. झाकणाऐवजी कापडाची पाठ असेल, किंवा केबल बाजूच्या प्लॅस्टिकमधून खाली उतरत असेल, तर सीट बाहेर काढलेली बरी. वाकून, कोपर घासत केलेल्या कामात हुक अर्धवट बसतात.

सीट गाडीत ठेवणार असलात तरी बॅटरीचा टप्पा चुकवायचा नाही.

५. बोल्ट आधी, बॅटरी नंतर

हे वाक्य वाचून बरेच जण बुचकळ्यात पडतात, कारण सगळीकडे ‘आधी बॅटरी काढा’ असंच ऐकलेलं असतं. सीट विजेवर सरकणारी असेल आणि बॅटरी आधी काढली, तर ती आहे तिथेच अडकते आणि अर्धे बोल्ट तिच्याखाली झाकलेले राहतात. म्हणून क्रम असा ठेवा.

सीट शक्य तितकी वर उचला. पूर्ण पुढे सरकवा, मागच्या दोन बोल्टांवरची प्लॅस्टिकची टोपणं काढा आणि बोल्ट काढा. मग पूर्ण मागे सरकवून पुढचे दोन काढा. आता सीट रेलच्या, म्हणजे ती ज्यांवर सरकते त्या पट्ट्यांच्या, मधोमध आणा, पाठ सरळ करा आणि नॉब फिरवता येत असेल तर लंबर सपोर्ट पूर्ण सैल सोडा. हेडरेस्ट इथेच काढून ठेवा. छताला अडत असेल तर पाठ थोडी कलती करून निघतं.

सीटबेल्टची खालची टोकपट्टी काही गाड्यांत सीटलाच बोल्टने धरलेली असते. तोही बोल्ट काढावा लागतो. काढण्याआधी वॉशर कसे आणि कुठल्या बाजूला आहेत त्याचा फोटो घ्या.

तपासा: बोल्ट पूर्ण बाहेर काढून आटे बघा. गंज किंवा चुरा दिसला तर ब्रशने साफ करा. सीटचे बोल्ट अपघातात माणसाला जागेवर धरून ठेवतात. आटे गेलेला बोल्ट परत लावायचा नसतो, आणि त्याच्या जागी बाजारातला साधा बोल्टही नाही.

६. बॅटरी, दहा मिनिटं, मग कपलर

चावी काढा. बटण-स्टार्ट गाडी असेल तर चावी खिशातून काढून घरात ठेवून या. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि ती झटक्याने पुन्हा टेकणार नाही अशी फडक्यात गुंडाळून बाजूला बांधा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत ही १२ व्होल्टची बॅटरी. नारिंगी रंगाच्या जाड केबलींना हात लावायचा नाही.

आता थांबा. बॅटरी निघाल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते. गाडीच्या पुस्तिकेत कुठे ९० सेकंद लिहिलेले असतात, कुठे ३ मिनिटं. मी सरळ दहा मिनिटं धरतो आणि चहा घेऊन येतो.

मग सीटखाली टॉर्च मारा. भारतात १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हर आणि शेजारच्या प्रवाशासाठी सीटबेल्टची आठवण करून देणारी यंत्रणा बंधनकारक झाली, त्यामुळे साध्या मॉडेलच्या सीटखालीही निदान एक कपलर असतो. पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचा. आधी फोटो, मग प्रत्येक कपलरवर मास्किंग टेपने नंबर. लॉकची छोटी खिट्टी आधी सरकवावी लागते, नुसती दाबून चालत नाही. वायर धरून ओढू नका.

इशारा: पिवळ्या कपलरमध्ये मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प काहीही घालू नका, ‘फक्त चेक करायला’ म्हणूनसुद्धा. आणि इथून पुढे सगळे कपलर पुन्हा बसेपर्यंत बॅटरी जोडायची नाही, चावी फिरवायची नाही. गाणी लावायला म्हणून पाव मिनिट चावी फिरवली तरी यंत्रणा बिघाड नोंदवून ठेवते, आणि सुरुवातीला सांगितलेला दिवा पेटतो.

७. सीट बाहेर

साधी सीटही पंधरा-वीस किलोच्या आसपास भरते, मोटरची सीट त्याहून जड. शिवाय तिचं वजन पाठीकडे जास्त असतं. ज्या कंबरेसाठी हा खटाटोप चाललाय तिलाच उसण भरायची नसेल तर दुसरा माणूस बोलवा. दाराच्या उंबऱ्यावर गोधडी टाका, कारण रेलच्या कडा पात्यासारख्या असतात. पाठ पुढे दुमडा, सीट आधी मागच्या बाजूने उचला आणि तिरकी करून दारातून काढा.

इशारा: सीट बाहेर असताना पुढे-मागे सरकवायची दांडी उचलू नका. एक रेल सरकून दुसरी जागेवरच राहते. मग परत बसवताना चारही भोकं जुळत नाहीत आणि माणूस बोल्ट जबरदस्तीने तिरका घालतो. चुकून झालंच, तर दोन्ही रेल एका टोकापर्यंत नेऊन सारख्या करा.

८. पाठ उघडणं

सीट बाहेर काढली असेल तर ती गोधडीवर तोंड खाली करून ठेवा.

प्लॅस्टिकचं झाकण असेल तर खालच्या कडेला एक-दोन स्क्रू असतात. ते काढून झाकण कुठे खाली, कुठे वर सरकवायचं असतं. ओढण्याआधी कडेला पट्टी घालून क्लिपा कुठल्या दिशेच्या आहेत ते बघा. कापडाची पाठ असेल तर खालच्या कडेला, पाठ आणि बैठक मिळतात तिथे, इंग्रजी जे अक्षरासारखी लांब प्लॅस्टिकची पट्टी चौकटीला अडकवलेली असते. ती दाबून सोडवली की कव्हर मोज्यासारखं वर गुंडाळता येतं. काही सीटला तिथे चेन असते.

कव्हर कंबरेच्या थोडं वर गेलं की थांबा. लंबरची जाळी मागून पूर्ण दिसते का? दिसत असेल तर पुढच्या बाजूच्या रिंगा कापू नका. मला आलेल्या फोटोंमध्ये निम्म्याहून अधिक लोकांनी गरज नसताना अख्खं कव्हर सोलून ठेवलेलं असतं. ते पुन्हा सुरकुती न पडता चढवणं हेच या कामातलं सगळ्यात कठीण कौशल्य आहे आणि त्याला सीटवाल्याचा हात लागतो.

सीटच्या बाजूला ‘एअरबॅग’ असं लेबल असेल तर त्या कडेची शिवण खास कमकुवत दोऱ्याची असते, एअरबॅग फुगताना ती तिथेच फाटावी म्हणून. काही सीटमध्ये एअरबॅगभोवती कापडाची पट्टी येऊन चौकटीला अडकवलेली असते. फुगण्याची दिशा तिच्यामुळे ठरते. शिवण उसवू नका, ती पट्टी सोडू नका. सोडल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर काम तिथेच थांबवून सीट अधिकृत वर्कशॉपला न्या. यात हिंमत दाखवण्यासारखं काही नाही.

नॉब काढायला त्याच्यामागे जुना रुमाल घालून दोन्ही टोकं सारखी बाहेर ओढा. न निघाल्यास मध्ये टोपणाखाली स्क्रू आहे का बघा, किंवा मागे सी आकाराची क्लिप असते, तीही रुमालाच्या कडेने निसटते. ती टणकन उडते आणि सापडत नाही, म्हणून दुसरा हात आडवा धरा.

९. जुना भाग काढणं

काढण्याआधी तीन फोटो: पूर्ण चौकट, केबलचा मार्ग, आणि प्रत्येक हुक जवळून. हुक तारेला वरून अडकलाय की खालून, हे नंतर कधीच आठवत नाही. जाळीची वरची कड चौकटीवर कुठे येते तिथे मार्करने रेघ मारा.

केबलचं टोक आधी सोडवा. लंबर सैल असेल तर ते अलगद निघतं. ताणलेलं असताना पक्कडीने ओढलं तर जाळी सटकन उघडते आणि बोटाला लागते. मग खालचे हुक, शेवटी वरचे. हुक सोडताना जाळी एका हाताने धरून ठेवा, नाहीतर ती फोमवर पडून तारेचं टोक फोम उसवतं. एअरबॅगची किंवा सीट गरम करणाऱ्या जाळीची वायर लंबरच्या तारेला बांधलेली असेल तर बांधणी कापा, वायर दुमडू नका.

जाळी निघाली की फोमची मागची बाजू नीट बघा. तारा आणि फोम यांच्यामध्ये फेल्टचा किंवा गोणपाटासारखा एक थर असायला हवा. तो फाटलेला किंवा गायब असेल तर तारा हळूहळू फोम कापत जातात, आणि नवा लंबर सपोर्ट वर्षभरात पोकळ खड्ड्यात ढकलू लागतो. जाड फेल्टचा तुकडा कापून, कडा गोल करून घाला. फोमला खड्डा पडला असेल तर तेवढ्याच आकाराचा, जवळपास त्याच कडकपणाचा फोम चिकटवा. मऊ फोम हाताला बरा वाटतो, पण आधार खाऊन टाकतो.

१०. नवा भाग: आधी जमिनीवर, मग चौकटीत

नवा भाग हातात घेऊन नॉब तात्पुरता लावा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच वेळा फिरवा. अडखळला, एका बाजूलाच वाकला, तर आत्ताच परत करा. बसवून झाल्यावर दुकानदार ऐकून घेत नाही. हवेच्या पिशवीला थोडी हवा भरून अर्धा तास वजनाखाली ठेवा. मोटरचा असेल तर सीटचा मूळ कपलर त्याला बसतो का एवढं तरी बघा.

मग पूर्ण सैल स्थितीत आणून बसवायला घ्या. वरचे हुक आधी, मग खालचे. दोन्ही बाजूंचे एकाच उंचीच्या तारेला. इथे एका बाजूला एक तार चुकली की बसल्यावर पाठीत तिरकस दाब लागतो आणि दोष त्या भागाला दिला जातो.

मूळ भागाला मूळ जागा असते, तिथे डोकं लावायला नको. सार्वत्रिक किट मात्र कुठेही टांगता येतं आणि तिथेच चुकतं. लोक ते फार वर लावतात, म्हणजे ते पाठीच्या मध्याला टोचतं. पुढे वाकणारा भाग पँटच्या पट्ट्याच्या उंचीच्या किंचित वर यायला हवा, बसल्यावर दबलेल्या गादीपासून साधारण १५ ते २५ सेंटिमीटर. सीट बाहेर काढण्याआधी, बसलेले असताना पट्ट्याच्या रेषेवर सीटच्या कडेला टेपचा तुकडा लावून ठेवला असेल तर आता तो कामाला येतो.

केबल मोठ्या वळणाने न्या. जिथे पाठ मागेपुढे होते त्या सांध्यापासून ती दूर हवी. क्लिपने दोन ठिकाणी धरा, पण थोडी ढील ठेवा. तार जिथे चौकटीला घासते तिथे फेल्ट टेप, आणि चक्र-भागावर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. तेलाचा स्प्रे मारू नका, तो फोममध्ये शोषला जातो.

११. बंद करण्याआधी

कव्हर उघडं असतानाच हे करून घ्या: लंबर पूर्ण ताणा, पाठ पूर्ण मागे न्या, पुढे आणा. केबल कुठे चिमटली जात नाही ना, लंबर स्वतःहून सैल पडत नाही ना? मग पुढच्या बाजूने कंबरेच्या जागी गुडघा दाबा आणि नॉब फिरवा. गुडघ्याला फरक कळला पाहिजे.

सगळं ठीक असेल तर लंबर पुन्हा सैल करून कव्हर खाली ओढा. ताणलेल्या लंबरवर कव्हर चढवलं तर ते नंतर ढगळ पडतं. रिंगा काढल्या असतील तर मधली पहिली, मग दोन्ही बाजूंना एकेक करत कडेकडे. खालची प्लॅस्टिकची पट्टी अडकवताना मधून सुरुवात करा. बाजूची शिवण चौकटीच्या कडेला सरळ रेषेत आली पाहिजे, विशेषतः एअरबॅगच्या बाजूला.

१२. सीट परत गाडीत

गाडीतला गालिचा झाडून घ्या. बोल्टांच्या भोकांत पडलेला खडा नंतर आटे खातो. सीट आत ठेवा, मागे कलवा आणि नंबर बघून सगळे कपलर जोडा. प्रत्येकाचा ‘क्लिक’ ऐका आणि हलकेच ओढून बघा. पिवळ्याची खिट्टी पूर्ण आत गेली पाहिजे.

आता चारही बोल्ट हाताने, पाना न लावता, तीन-चार आटे फिरवा. एकही घट्ट करण्याआधी चारही लागलेले हवेत. हाताने जात नसेल तर तो तिरका जातोय, बाहेर काढून पुन्हा घाला.

इथे दोन वाटा होतात. हाताने सरकणारी सीट असेल तर सरकवून चारही बोल्ट टॉर्क रेंचने घट्ट करा आणि बॅटरी शेवटी जोडा. विजेवर सरकणारी असेल तर सीट सरकवायला वीज हवीच. म्हणून सगळे कपलर आणि हाताने लावलेले चारही बोल्ट तपासून बॅटरी जोडा, मग सीट सरकवून बोल्ट घट्ट करा. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप पुस्तिकेतलाच घ्या. बऱ्याच गाड्यांत तो ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. सीटबेल्टच्या बोल्टचा आकडा वेगळा असतो.

बॅटरी जोडल्यावर पहिल्यांदा चावी फिरवताना सीटवर कुणी बसलेलं नको. दाराबाहेरून हात घालून चावी ‘ऑन’ करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. विझला नाही तर चावी बंद, बॅटरी पुन्हा बाहेर, दहा मिनिटं, आणि पिवळा कपलर तपासा. कपलर बरोबर असूनही दिवा राहिला तर बिघाडाची नोंद स्कॅनरने पुसावी लागते. तेवढ्यासाठी गॅरेजला जा. ‘जाईल हळूहळू’ म्हणून महिनोन्‌महिने तशीच गाडी चालवू नका. दिवा पेटलेला असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेल याची खात्री नसते. घड्याळ आणि काचांचं एका दाबात वर जाणं पुन्हा सेट करावं लागू शकतं, त्याने घाबरू नका.

सीट पुढे-मागे सरकवून प्रत्येक खाच दोन्ही बाजूंना लागतेय का ते बघा. सीटबेल्ट लावून जोरात ओढा.

१३. पहिले काही दिवस

बसताना ढुंगण पार मागे टेकवा आणि लंबर सैल ठेवून सुरुवात करा. कंबरेची पोकळी भरली असं वाटेपर्यंत हळूहळू ताणा, मग किंचित मागे घ्या. नवा भाग बसवल्याच्या आनंदात लोक तो पूर्ण ताणून पुण्याहून कोल्हापूरला निघतात आणि साताऱ्याला पोचेपर्यंत कंबर धरते. पहिल्या आठवड्यात लांब पल्ला असेल तर वाटेत एकदा सैल करून बघा.

काढून ठेवलेलं सीट कव्हर परत चढवणार असाल, तर सीटमध्ये एअरबॅग आहे का ते आधी बघा. असेल तर बाजू झाकणारं कव्हर चालणार नाही, ती बाजू मोकळी किंवा एअरबॅगसाठीच शिवलेली हवी. कंबरेच्या जागी स्पंज असलेलं कव्हर तर नकोच.

शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर चारही बोल्टांवर टॉर्क रेंच एकदा फिरवा. किरकिर येऊ लागली तर ती कधी येते ते ऐका. वळणावर येत असेल तर बहुधा बोल्ट किंवा रेल, टेकून बसताना येत असेल तर लंबरची तार चौकटीला घासतेय, आणि फक्त नॉब फिरवताना येत असेल तर केबल. तार घासत असेल तर पाठीमागचं झाकण उघडून त्या जागी फेल्ट टेपचा आणखी एक तुकडा लावा. त्यासाठी सीट पुन्हा बाहेर काढावी लागत नाही, पण एअरबॅगवाल्या सीटला बॅटरी आणि दहा मिनिटं तेव्हाही चुकत नाहीत.